रॉक बँडच्या अल्बमचं कव्हर कसं करायचं: सोलापुरातली एक पद्धत

रॉक बँडचं कव्हर करायला बसलं की हात आपोआप कवटीकडे जातो. कवटी, ज्वाळा, तुटलेली गिटार, काळ्यावर काटेरी अक्षरं. या चिन्हांशी माझं भांडण नाही. ज्या बँडनी ती पहिल्यांदा वापरली, त्यांच्या गाण्यांतूनच ती आली होती. पण सोलापुरातल्या पोरांनी मराठीत लिहिलेल्या गाण्यांवर तीच डकवली, तर ऐकणाऱ्याला त्या पोरांबद्दल काहीच कळत नाही. मी चित्रकार आहे आणि इथल्या एका रॉक बँडची कव्हरं करतो. गाणी मराठी आहेत, एखादं कडवं तेलुगू, कारण बँडमधल्या दोघांच्या घरी तेलुगू बोलतात. या कामात जी पद्धत बसत गेली ती इथं पायरीपायरीनं मांडतो. ज्यांना चित्र काढता येतं आणि ज्यांच्या ओळखीत एखादा बँड आहे, त्यांना हे जसंच्या तसं वापरता येईल.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. चित्र गाण्यातल्या वस्तूंमधून काढा. आणि ते सगळ्यात लहान आकारात आधी सोडवा.

पहिली भेट: चित्राबद्दल बोलू नका

पहिल्या भेटीत फक्त कामाचा आवाका समजून घ्या. एकच गाणं येणार आहे, चार-पाच गाण्यांचं ईपी आहे, की पूर्ण अल्बम? नुसतं ऑनलाइन, की सीडी किंवा एलपी (मोठी तबकडी) सुद्धा? टी-शर्ट, पोस्टर करायचे आहेत का? यातल्या प्रत्येक उत्तरानं तुमचं काम आणि तुमचा मोबदला बदलतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे शेवटचा होकार कोणाचा. बँडमध्ये चार माणसं असली की चार आवडी असतात, आणि चौघंही रात्री अकरानंतर वेगवेगळे मेसेज पाठवतात. एका माणसाचं नाव त्यांनाच ठरवू द्या. त्याच्याकडून आलेला निरोप तेवढा खरा धरायचा, हे सगळ्यांसमोर बोलून घ्या.

तारखेचं गणित उलटं मांडा. गाणं स्पॉटिफायच्या संपादकांपुढे ठेवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते पाठवावं लागतं. त्याच्याही आधी गाणं आणि कव्हर डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) चढलेलं हवं, तपासून पुढं गेलेलं हवं. म्हणून प्रकाशनाच्या महिनाभर आधी अंतिम कव्हर तयार, असं मी धरतो. एलपी काढायची असेल तर छापून, दाबून यायला काही महिने लागतात. तिथं घाई चालतच नाही.

ऐकणं

कच्चं मिक्स मागून घ्या. गायकाचा आवाज अजून नीट बसलेला नसेल, ड्रम जास्त मोठे असतील, तरी चालेल. सोबत शब्द टाइप करून मागा. गाण्यात काय ऐकू येतं आणि लिहिणाऱ्यानं काय लिहिलं, यात कधी कधी फरक निघतो, आणि तो फरक चित्राच्या कामाचा असतो.

पहिल्यांदा ऐकताना हातात पेन्सिल धरू नका. हेडफोन लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न बदलता ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना वही घ्या आणि फक्त वस्तू लिहा. 'बंड', 'एकटेपणा', 'आशा' असे शब्द लिहिले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मूठ, खिडकीतला माणूस आणि उगवता सूर्य काढाल. ते चित्र कुणाच्याही अल्बमवर बसतं, म्हणून कुणाचंच नसतं. वस्तू लिहिल्या की असं होत नाही. आमच्या बँडचं एक गाणं यंत्रमाग कारखान्यातल्या रात्रपाळीबद्दल आहे. त्याची माझी यादी अशी झाली: ट्यूबलाइट, हवेत तरंगणारे सुताचे तंतू, अर्ध्यापर्यंत हिरव्या ऑइलपेंटची भिंत, चहाची किटली, तुटलेला धागा, कानात कोंबलेला कापूस. गाण्यात राग खूप आहे, पण 'राग' हा शब्द यादीत कुठंही नाही. तो या वस्तूंमध्येच आहे.

रिहर्सलला जाऊन बसा. रेकॉर्डिंगमध्ये जे नीटनेटकं होतं, ते तिथं उघडं असतं. कोण कोणाकडे बघून वाजवतं, कुठल्या ओळीला सगळ्यांचं अंग ताठ होतं, हे दिसतं. आमच्या बँडचा ड्रमर यंत्रमागाच्या आवाजात वाढलेला. त्याच्या हातातला ठोका कुठून आला आहे, हे अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागातल्या गल्ल्यांतून एकदा दुपारी चालत गेलं की समजतं. मागाचा खटखटाट एकसुरी वाटतो, पण शेजारशेजारचे माग एकमेकांपासून किंचित पुढंमागं चालतात आणि त्यातून सतत सरकणारा ताल तयार होतो. असं काही कानाला लागलं तर चित्रात पुनरावृत्ती कुठं ठेवायची, ती कुठं मोडायची, हे ठरवायला आधार मिळतो.

एक गोष्ट मी नेहमी करतो. प्रत्येकाला वेगवेगळं भेटून विचारतो, 'या अल्बममधली एक जागा सांग, जिथं उभं राहून हे गाणं ऐकावंसं वाटतं.' भावना विचारल्या तर पोरं गप्प बसतात. जागा विचारली की बोलायला लागतात.

प्रतिमा शोधणं

यादी हातात आली की घराबाहेर पडा. फोटो काढा, स्केच करा, पण यादीतल्या वस्तूंचेच. सोलापूरचं ऊन फोटोला निर्दय आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि भर दुपारी सावल्या पायाखाली गोळा होतात, सगळं सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर निघा. रात्रपाळीचं चित्र हवं असेल तर रात्रीच जा. दिवसा काढून संगणकावर निळं केलेलं चित्र लगेच ओळखू येतं. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात व्यावसायिक शूट करायचं असेल तर आधी परवानगी काढा. कारखान्यात मालकाची परवानगी लागतेच, पण मागावर उभ्या असलेल्या माणसालाही विचारा. चेहरा त्याचा असतो.

आता एक नाजूक गोष्ट. सोलापूरचं कव्हर म्हटलं की सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज (मिरवणुकीत पेलून नेतात ते उंच दंड), चार हुतात्म्यांचे पुतळे हे आधी डोळ्यापुढं येतात. मी ते टाळतो. नंदीध्वज ही हजारो घरांची श्रद्धा आहे. तो पेलणारे लोक महिनोन्‌महिने सराव करतात. गाणं त्याबद्दल नसेल तर त्याला नुसती शोभा म्हणून वापरणं मला पटत नाही. हुतात्म्यांचंही तसंच. १९३० साली या शहरानं मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना फाशी झाली. बंडखोर दिसायचं म्हणून त्यांचे चेहरे गिटारमागे लावू नयेत. बँडनं त्यांच्यावर गाणं लिहिलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो विषय पूर्ण अभ्यासून हाती घ्या.

प्रतिमा संगीताच्या बाहेरूनही येते, आणि बऱ्याचदा तिथलीच चांगली असते. इंग्लंडच्या जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम १९७९ साली आला. त्यावरच्या पांढऱ्या नागमोडी रेषा या एका पल्सार ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ स्पंदनांचा आलेख आहेत. तो खगोलशास्त्राच्या कोशात छापलेला होता. बँडमधल्याच एकानं तो शोधला आणि डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी तो काळ्यावर पांढरा करून चौकटीच्या मधोमध ठेवला. चित्र काढलं कुणीच नाही. ते कुठं शोधायचं, किती मोठं ठेवायचं आणि भोवती किती काळी जागा सोडायची, एवढे निर्णय घेतले, आणि तेवढे पुरले.

चौसष्ट चौकटींचा आलेख

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

अमेरिकेतल्या कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये काम करणाऱ्या अलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास तबकड्यांच्या वेष्टनावर चित्रं छापायला सुरुवात केली. त्याआधी तबकड्या बहुतेक साध्या कागदी वेष्टनात विकल्या जात. पुढं एलपी आली आणि कलाकाराला बारा इंची चौकोन मिळाला. मग कॅसेट आली, मग बारा सेंटिमीटरची सीडी, आणि आता फोनवरच्या यादीत कव्हर नखाएवढं दिसतं. ऐकणारा तुमचं चित्र पहिल्यांदा त्याच आकारात पाहणार आहे, बोटानं यादी सरकवत असताना.

म्हणून सुरुवात त्या आकारापासून करायची. यासाठी सोलापूरकराला बाहेरून काही शिकावं लागत नाही. इथल्या चादरीची नक्षी जेकार्ड मागावर उतरते. आधी ती आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात. एक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती एक जागा. तिथं उभा धागा उचलायचा की नाही, एवढंच ठरवायचं असतं. अर्धा उचलला असं काही नसतं. त्या आलेखावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आडव्या धाग्याच्या एकेका फेकीला एकेक पट्टी. आता पुष्कळ ठिकाणी हे काम संगणकावर होतं, पण विचार तोच राहिला आहे. मोराचा पिसारा तेवढ्या चौकटींत बसवायचा म्हणजे पिसाऱ्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे नक्षी काढणाऱ्याला पक्कं ठरवावं लागतं.

कव्हरसाठी हेच करा. मिलिमीटर आलेखवहीत चौसष्ट बाय चौसष्ट चौकटींचा चौकोन आखा. साधारण साडेसहा सेंटिमीटरचा होईल. चित्राची कल्पना त्यात फक्त पेन्सिलीनं भरा. चौकट पूर्ण काळी किंवा पूर्ण कोरी, मधली छटा नाही. पहिल्यांदा जमत नाही, कारण डोक्यातलं चित्र तपशिलांनी भरलेलं असतं. किटली चौकटींत डाग होऊन बसते, तंतू दिसतच नाहीत, माणसाचा चेहरा फुटतो. जे फुटतं ते काढून टाका. जे उरतं ते तुमचं कव्हर.

रात्रपाळीच्या गाण्यात शेवटी उरली फक्त ट्यूबलाइट. काळ्या चौकोनात वरच्या एक तृतीयांश भागात एक पांढरी आडवी पट्टी. ती चौकटींत पक्की बसली आणि तिच्याकडे बघताना पुढची गोष्ट सुचली: देवनागरीची शिरोरेघही अशीच आडवी असते. अल्बमच्या नावाची अक्षरं त्या ट्यूबलाइटलाच लटकवली. आधी मोठा कॅनव्हास घेऊन बसलो असतो तर कारखाना, मजूर, किटली सगळं रंगवलं असतं आणि ही गोष्ट हाती लागली नसती.

आलेख पटला की त्याचा फोटो काढून फोनवर घ्या. एखाद्या म्युझिक ॲपच्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन त्यात इतर कव्हरांच्या मध्ये तो बसवा. हात लांब करून बघा. मग आईला किंवा शेजारच्या कुणाला, ज्यांना या कामाशी घेणं-देणं नाही, त्यांना दाखवून विचारा, 'हे काय आहे?' 'आवडलं का?' असं विचारू नका.

बँडपुढं ठेवताना

तीनपेक्षा जास्त पर्याय नेऊ नका. दहा नेले तर बँड पहिल्याचा रंग, चौथ्याची अक्षरं आणि सातव्याचं चित्र एकत्र करायला सांगतो. प्रत्येक पर्याय दोन आकारांत दाखवा, कागदावर मोठा आणि फोनवर लहान. फोनवरचा आधी.

पिंक फ्लॉइडच्या १९७३ मधल्या लोलकाच्या (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या काचेच्या त्रिकोणाच्या) कव्हरची हकिकत इथं उपयोगी आहे. हिप्नोसिस या लंडनच्या स्टुडिओनं बरेच कच्चे पर्याय नेले होते. बँडनं काही मिनिटांत एकमतानं लोलक निवडला. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइट यांनी आधीच साधं, नेटकं काहीतरी हवं म्हणून सांगून ठेवलं होतं. म्हणजे निवड झटपट झाली, कारण मागणी आधी स्पष्ट झाली होती. पहिल्या भेटीचे प्रश्न आणि वस्तूंची यादी यासाठीच असते.

मतभेद झाला तर रंगाबद्दल वाद घालू नका, वाद परत गाण्यापाशी न्या. बँडमधल्या एकाशी माझं असं बोलणं झालं होतं:

'अण्णा, काळ्यावर लाल टाका की. रॉक दिसायला पायजे ओ.'

'लाल कुठल्या गाण्यात आहे, सांग.'

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'लाल नाही ओ गाण्यात. ट्यूबलाइट आहे.'

तिथंच ठरलं.

प्रत्यक्ष चित्र

माध्यम गाण्याच्या पोतावरून ठरवा. गिटार खरखरीत असेल तर लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेला छाप), कोरडा ब्रश, झेरॉक्सचा दाणा चांगला बसतो. गाणी मोकळी, लांबच लांब असतील तर जलरंग किंवा मोठ्या रिकाम्या जागेचा फोटो. लिनो कोरताना अक्षरं उलटी कोरावी लागतात. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा उलट्या बाजूला जातात, म्हणून अक्षरं पातळ कागदावर लिहून तो पालथा करूनच उतरवा.

हातानं काढलेलं चित्र ए-फोर आकारात असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. एवढं स्कॅन एलपीच्या आकाराला पुरतं. फोनवरून फोटो काढून त्यालाच मूळ मानू नका. कडा वाकतात आणि कागदाचा पांढरा पिवळट येतो.

फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर लेखी संमती घ्या, कशाकशावर छापणार हे त्यात लिहून. लहान मूल असेल तर पालकांची संमती घ्याच, पण दहा वेळा विचारही करा. निर्व्हानाच्या १९९१ मधल्या कव्हरवर पाण्यातलं तान्हं बाळ आहे. ते बाळ मोठं झाल्यावर २०२१ साली त्यानं त्या फोटोवरून खटला भरला, आणि प्रकरण पुढं काही वर्षं चाललं. इंटरनेटवर सापडलेला फोटो तर कधीच घेऊ नका, थोडा बदलूनही नाही.

अक्षरं

मराठी बँडच्या कव्हरवर सगळ्यात जास्त हयगय अक्षरांची होते. इंग्रजी मेटल बँडच्या लोगोला टोकं काढलेली असतात म्हणून देवनागरीलाही काटे लावतात, आणि मग 'भ' आणि 'म' यांतला फरक जातो. देवनागरीची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. वर सलग रेघ, तिला लटकणारे दंड, वर-खाली जाणाऱ्या मात्रा आणि उकार. जोर दाखवायचा असेल तर शिरोरेघ जाड करा, दंड लांबवा, मात्रा बाणासारखी मागे खेचा. शिरोरेघ काढून टाकायची असेल तर नाव वाचता येतं का, हे त्या चौसष्ट चौकटींत तपासा. जोडाक्षरं आली की लहान आकारात काळा गोळा होतो. नावात दोन-तीन जोडाक्षरं असतील तर अक्षरं चित्राएवढी मोठी तरी करा, नाहीतर नाव समोरून पूर्ण काढा.

मराठीत या कामाची थोर परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं बघा. नाव वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळतो, आणि तरीही एकेक अक्षर स्वच्छ वाचता येतं. ते समोर ठेवून रोज अर्धा तास नुसतं बघितलं तरी हात बदलतो.

हातानं लिहायचं नसेल तर मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक असे फॉन्ट व्यावसायिक कामाला वापरता येतात. मोदक एवढा जाड आहे की त्यात अक्षरांच्या आतली जागा जवळजवळ बुजते. हळू, जड गाण्यांना तो शोभतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' मांडणी सुरू करा. जुन्या श्रीलिपी पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम केलं असेल तर छपाईला देताना अक्षरांचं आउटलाइन करूनच (म्हणजे अक्षरं आकृत्यांत बदलून) द्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर मजकुराचा कचरा होतो.

सोलापुरात एका कव्हरवर दोन-तीन लिप्या येणं साहजिक आहे. तेलुगूत आणि कन्नडात सलग शिरोरेघ नसते, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर स्वतंत्र खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. म्हणून देवनागरी शेजारी ठेवली की ती वरून बांधलेली दिसते आणि तेलुगू गोलाकार, मोकळी. दोन्हींची उंची मापानं सारखी करून उपयोग नाही, डोळ्यानं जुळवा. तेलुगू कडव्याच्या ओळी आम्ही मागच्या बाजूला स्वतंत्र जागेत ठेवल्या, ट्यूबलाइटला लटकवल्या नाहीत. त्या लिपीचा स्वभाव तसा नाही. आणि जी लिपी तुम्हाला वाचता येत नाही, ती ज्याच्या घरची आहे त्याच्याकडून शेवटच्या फाइलवर तपासून घ्या.

रंग, थोडक्यात

तीन रंगांत भागवा. म्युझिक ॲपची पार्श्वभूमी बऱ्याचदा काळी असते, म्हणून पूर्ण काळ्या कव्हरच्या कडा त्यात विरतात. आम्ही काळ्याऐवजी कारखान्याच्या भिंतीचा तो मळका हिरवा घेतला. पडद्यावरचे झगझगीत हिरवे, निळे, गुलाबी आरजीबीतून (पडद्याच्या रंगपद्धतीतून) सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत) गेले की मंद होतात. छापायचं असेल तर सुरुवातीलाच सीएमवायकेत बघून घ्या. ट्यूबलाइटचा पांढरा तर शाईनं येतच नाही, तो कागदाचा असतो. तिथं काहीच छापायचं नाही.

फायली

ऑनलाइनसाठी ३००० बाय ३००० पिक्सेल, चौरस, आरजीबी, जेपीजी. लहान फाइल ताणून मोठी केलेली असेल तर परत येते. कव्हरवर वेबसाइटचा पत्ता, फोन नंबर, सोशल मीडियाचं नाव, किंमत, ॲपचे लोगो यांतलं काहीही चालत नाही. कव्हरवर बँडचं आणि अल्बमचं नाव लिहिलं असेल तर ते डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये भरलेल्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही अडवू शकतो.

सीडीच्या पुस्तिकेचं समोरचं पान १२० बाय १२० मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या डबीतलं मागचं कार्ड १५१ बाय ११८, त्यात दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा मिलिमीटरचे कणे, म्हणजे डबीच्या कडेला दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या. चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा आणि मजकूर कडेपासून किमान चार मिलिमीटर आत. छापखान्यानं स्वतःचा साचा दिला तर माझ्या मापांपेक्षा तो खरा. एलपीचं वेष्टन साधारण ३१५ मिलिमीटर चौरस असतं. ३०० डीपीआयला त्यासाठी सुमारे ३७२० पिक्सेल लागतात, म्हणजे ऑनलाइनची फाइल पुरत नाही. पुढं कधी एलपी निघेल अशी नुसती शक्यता असली तरी मूळ काम ४५०० पिक्सेलवर सुरू करा.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळलेला काळा बारीक अक्षरांना धूसर करतो. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसती काळी शाई राखाडी दिसते, तिथं निळी ६०, गुलाबी ४०, पिवळी ४०, काळी १०० असं मिश्रण चांगलं बसतं. बारकोडच्या रेघा लाल करू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या दिसत नाहीत. छापायच्या आधी त्याच कागदावर एक नमुना मागा आणि तो उजेडात, दारात उभं राहून बघा.

फाइलमधले थर, म्हणजे लेअर, वेगळे ठेवा. स्पॉटिफायवर गाण्यामागे तीन ते आठ सेकंदांचा उभा व्हिडिओ फिरतो. ट्यूबलाइट वेगळ्या थरावर होती म्हणून तिला फडफडायला लावणं सोपं गेलं. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते, तिथंही वेगळे थर आणि कमी रंग कामी येतात. टॉवेल आणि गणवेशाच्या या शहरात कापडावर छापणारे शोधायला फार फिरावं लागत नाही. आधी एका शर्टावर छापून, धुऊन बघा, मग बाकीचे.

हक्क आणि पैसे

मित्राचा बँड आहे म्हणून कागद टाळू नका. मैत्री टिकवायची असेल तर कागद करा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे कलाकार असतो. पण कलम १७ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे तुम्ही रंगवलेल्या चित्राचा कॉपीराइट काही न लिहिता बँडकडे जाऊ शकतो. कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणी जगभर वाजणार असतील तर हे बँडच्याही फायद्याचं नाही. त्यांनाही दोन्ही गोष्टी लिहून हव्या असतात. कलम ५७ प्रमाणे कलाकृती आपली आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा तुमचा हक्क कॉपीराइट दिल्यावरही तुमच्याकडेच राहतो.

एका पानावर साध्या मराठीत लिहा. कॉपीराइट माझा राहील. ऑनलाइन, सीडी, पोस्टर आणि प्रसिद्धीसाठी बँडला जगभर, कायमस्वरूपी वापराची परवानगी. टी-शर्ट आणि इतर विक्रीच्या वस्तूंचा हिशोब वेगळा. मूळ चित्र, म्हणजे प्रत्यक्ष कागद किंवा कॅनव्हास, माझ्याकडे. श्रेयनामावलीत नाव अमुक असं. दुरुस्त्या दोन वेळा, त्यापुढं वेगळे पैसे. अर्धी रक्कम सुरुवातीला, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख. मोठी कंपनी मध्ये असेल तर हा कागद वकिलाला दाखवा.

नव्या बँडकडे पैसे कमी असतात. अशा वेळी मी दर पाडत नाही, काम लहान करतो: फक्त समोरचं चौकोनी चित्र, दोन रंग, हातानं लिहिलेलं नाव. सीडीची पुस्तिका पुढच्या वेळी. टी-शर्टच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा हाही चांगला मार्ग आहे, पण तो किती आणि कधी द्यायचा, हे त्याच पानावर लिहिलेलं असावं.

काम संपलं की एक फोल्डर तयार करा. थरांसह मूळ फाइल, सपाट केलेली ३००० पिक्सेलची, छपाईची पीडीएफ, वापरलेले फॉन्ट आणि त्यांचे परवाने, संमतीपत्रांचे स्कॅन, सह्यांचा करार आणि तो आलेखवहीतला चौकोन. दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. यातल्या सपाट केलेल्या आणि छपाईच्या फायली बँडलाही द्या. काही महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, 'अण्णा, पोस्टर छापायचंय, मोठी फाइल आहे का ओ?'